मोटारसायकलच्या चेनची घरगुती देखभाल : ढील मोजण्यापासून तेल देण्यापर्यंत

चेन खडखडू लागली की बहुतेक जण गॅरेजात जाऊन ‘जरा टाईट करून द्या’ एवढेच सांगतात, आणि गिऱ्हाइकाला फरक जाणवावा म्हणून ती अनेकदा गरजेपेक्षा जास्त ताणून दिली जाते. दोन-चार दिवस गाडी शांत चालते, मालकाचे समाधान होते, पण पुढे चेनच नव्हे, तर चाकाचे आणि गिअरबॉक्सचे बेअरिंगही त्याची किंमत मोजतात. चेन सैल असणे हा तिचा दोष नाही. ती ठरलेल्या मापात सैल असावी लागते, आणि ते माप घरी, साध्या पट्टीने, दहा मिनिटांत घेता येते.

हे माप का लागते, ते आधी समजून घेतलेले बरे, कारण त्यावाचून पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठ कराव्या लागतील. मागचे चाक स्विंगआर्मच्या, म्हणजे चाक धरून वर-खाली झुलणाऱ्या दांड्यांच्या, टोकाला असते आणि खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ते वर-खाली होते. पुढचे लहान स्प्रॉकेट (चेन ज्यावर बसते ते दातेरी चाक) मात्र इंजिनाला पक्के असते आणि स्विंगआर्म ज्याभोवती झुलतो तो खिळा त्याच्या थोडा मागे असतो. त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन स्प्रॉकेटांमधले अंतर बदलते, आणि पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा व मागचा ॲक्सल (चाकाचा आस) हे तिन्ही एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त होते. उभ्या गाडीवर छान ताणलेली दिसणारी चेन, मागे माणूस आणि टाकीवर पिशवी घेऊन गाडी खड्ड्यात आदळली की नेमकी या रेषेत येते. तिथे ढील उरली नसेल तर सगळा ताण बेअरिंगांवर आणि चेनच्या पिनांवर जातो. उलट फार सैल चेन स्प्रॉकेटवरून उडी मारते, आणि चालत्या गाडीत ती निसटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर मागचे चाक जाम होऊ शकते किंवा इंजिनाचे कव्हर फुटू शकते.

हा लेख प्रामुख्याने आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या १०० ते १५० सीसीच्या, मेन स्टँड आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांसाठी आहे. मोठ्या गाड्यांत तत्त्व तेच राहते, मात्र नटांचे माप, ढिलीचा आकडा आणि ॲडजस्टरची (चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या बोल्टांची) रचना बदलते.

तयारी

गाडीसोबत मिळालेल्या टूलकिटमधले पाने बहुधा मऊ असतात आणि ॲक्सलचा नट त्यांनी सोडवायला गेल्यास नटाचे कोपरे गोल होतात, म्हणून ॲक्सलच्या मापाचा एक चांगला रिंग पाना विकत घ्यावा. गाडीनुसार हे माप १७, १९, २२ किंवा २४ असते, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी नट मोजून घ्यावा. ॲडजस्टरसाठी बहुधा १० किंवा १२ नंबरचा पाना लागतो. याशिवाय स्टीलची फूटपट्टी, पक्कड, जुना दात घासण्याचा ब्रश किंवा चेनसाठी मिळणारा तीन बाजूंचा ब्रश, भरपूर सुती चिंध्या, थोडे रॉकेल, आणि चेन ल्यूबचा स्प्रे किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल एवढे पुरेसे आहे. रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही, त्याऐवजी चेन क्लीनरचा स्प्रे वापरावा. पेट्रोल मात्र वापरू नये, कारण ते पेट घेते आणि सीलबंद चेनच्या रबरी रिंगा खराब करते.

आपली चेन साधी आहे की सीलबंद, हे दिवसाच्या उजेडात पाहावे. सीलबंद चेनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमध्ये काळी बारीक रबरी रिंग दिसते. या रिंगा पिनेभोवतीचे कारखान्यात भरलेले ग्रीस आत आणि पाणी-धूळ बाहेर ठेवतात. साध्या चेनमध्ये असे काही नसते, म्हणून तिला तेल वारंवार द्यावे लागते. पूर्ण झाकलेल्या चेन-कव्हरच्या गाड्यांत बहुधा साधी चेन असते. तिथे कव्हर हेच तिचे संरक्षण.

एक नियम कामाला हात घालण्यापूर्वीच लक्षात ठेवावा आणि त्याला अपवाद करू नये. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कापड किंवा ब्रश लावू नये. अनेक ठिकाणी असे सर्रास करतात आणि त्यात बोटांची पेरे तुटतात. इंजिन बंद, चावी काढून खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने फिरवायचे. त्यातही एक बारकावा आहे. चाक पुढच्या दिशेने फिरवले की चेनचा खालचा पदर (खालून जाणारा भाग) मागच्या स्प्रॉकेटकडे ओढला जातो, म्हणजे त्यावर धरलेली चिंधी आणि बोटे दातांकडे जातात. म्हणून खालच्या पदरावर काम करताना चाक उलट्या दिशेने फिरवावे. मग चेन हातातून दातांपासून दूर सरकते. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी हे सगळे आवरून बसावे, आणि लहान मुले जवळ असतील तर त्यांना फिरते चाक दाखवण्याचा मोह टाळावा.

साफसफाई

सफाई आणि तेल यांसाठी गाडी फिरवून आणल्यानंतरची वेळ चांगली, कारण चेन कोमट असताना जुना मळ लवकर सुटतो. ढील मात्र थंड चेनवर मोजावी. म्हणून संध्याकाळी साफ करून तेल देणे आणि सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी माप घेणे ही विभागणी सोयीची पडते. गाडीला मेन स्टँड लावावा, सायलेन्सर गार झाला आहे याची खात्री करावी, आणि खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. कव्हर पूर्ण झाकलेले असेल तर त्याचे दोन-चार बोल्ट काढून दोन्ही भाग बाजूला ठेवावेत. पहिल्यांदा करताना कोणता बोल्ट कुठला, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

रॉकेल ब्रशला लावून चेनच्या चारही बाजू घासाव्यात, पट्ट्यांच्या फटी आणि रोलर यांकडे विशेष लक्ष द्यावे, आणि लगेच कोरड्या चिंधीने पुसून काढावे. सीलबंद चेनवर तारेचा ब्रश चालवू नये आणि ती रॉकेलमध्ये बुडवून ठेवू नये. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये ग्रीस, माती आणि खडीचा जो काळा लगदा साचतो, तो वर्षातून एकदा तरी कव्हर उघडून खरवडून काढावा. नवख्या माणसाला तिथे सापडणारा ऐवज पाहून आश्चर्य वाटेल. मळकट रॉकेल गटारात न ओतता बाटलीत साठवून गॅरेजात जुन्या ऑइलबरोबर द्यावे.

उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने चेन धुऊ नये. खंडेनवमीच्या दिवशी वॉशिंग सेंटरवर रांग लावून गाडी लख्ख करायची, झेंडूचा हार घालायचा आणि चेन मात्र कोरडी ठेवून पुढचा महिनाभर चालवायची, हा प्रकार दर वर्षी पाहायला मिळतो. गाडी धुतली की चेन पुसून तिला तेल द्यायचे, एवढी सवय लावून घेतली तरी तिचे आयुष्य वाढते.

ढील मोजणे

योग्य ढिलीचा आकडा बहुधा स्विंगआर्मवर किंवा चेन-कव्हरवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, नाहीतर गाडीच्या पुस्तिकेत असतो. छोट्या गाड्यांत तो साधारण २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिलिमीटर असतो. माप मेन स्टँडवर घ्यायचे की साइड स्टँडवर, हेही पुस्तिकेत दिलेले असते आणि ते पाळावे, कारण चाक लोंबकळत असताना आणि जमिनीवर टेकलेले असताना येणारे आकडे वेगळे असतात.

माप खालच्या पदराच्या मध्यावर, म्हणजे दोन्ही स्प्रॉकेटांच्या बरोबर मधोमध घेतात. कव्हरला खाली रबरी बूच असेल तर ते काढले की नेमकी तीच जागा दिसते. पट्टी जमिनीवर उभी धरावी, बोटाने चेन वर ढकलता येईल तितकी ढकलून एका ठरावीक पिनेची उंची पाहावी, मग तीच पिन खाली ओढून पुन्हा उंची पाहावी. वर २७४ आणि खाली २३६ आले तर ढील ३८ मिलिमीटर. पुष्कळ जण चेन जिथे लोंबते तिथून फक्त वर किती जाते तेवढेच मोजतात, त्यामुळे आकडा खऱ्या ढिलीपेक्षा कमी येतो आणि सैल चेनही ठीक वाटते.

एकाच ठिकाणी माप घेऊन थांबू नये. चाक थोडे थोडे फिरवत पाच-सहा जागी ढील पाहावी, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही आणि स्प्रॉकेटही पूर्ण गोल राहत नाही. जिथे चेन सर्वांत घट्ट लागते, ती जागा खाली आणून तिथलेच माप धरायचे. घट्ट आणि सैल जागांमधला फरक फार मोठा असेल, किंवा काही कड्या वाकल्यानंतर सरळच होत नसतील, तर ही चेन जुळवण्याच्या पलीकडे गेली आहे असे समजावे.

चेन जुळवणे

आकडा मर्यादेबाहेर असेल तरच पाना उचलावा. ॲक्सलच्या नटाला स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घालून दुमडलेली पिन) असेल तर ती पकडीने सरळ करून काढावी, आणि परत लावताना नवीन वापरावी. ॲक्सलचा नट पूर्ण न काढता चाक सरकेल इतकाच सैल करावा. काही १०० सीसीच्या गाड्यांत स्प्रॉकेटच्या बाजूला ॲक्सलभोवती आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो. तो तसाच आवळलेला राहिला तर चाकाची ती बाजू सरकत नाही आणि आपण उगाच ॲडजस्टरवर जोर लावत बसतो. ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या दांड्याचा नटही काही गाड्यांत थोडा सैल करावा लागतो.

स्विंगआर्मच्या दोन्ही टोकांना ॲडजस्टर असतात. लॉक नट (ॲडजस्टर जागेवर धरून ठेवणारे नट) सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे. किती फिरवायचे, यात नवख्यांची सर्वांत जास्त चूक होते. ॲक्सल मागे गेला की चेनचे वरचे आणि खालचे असे दोन्ही पदर ताणले जातात, शिवाय मध्यावरची ढील ही लांबीतल्या अगदी लहान फरकाचे मोठे रूप असते. भूमितीने हिशेब केला तर दोन स्प्रॉकेटांच्या केंद्रांत साधारण ५५० मिलिमीटर अंतर असलेल्या गाडीत ॲक्सल अर्धा मिलिमीटरही मागे न जाता ढील ४० वरून २५ मिलिमीटरवर येते. ॲडजस्टरच्या बोल्टचा एक पूर्ण फेरा ॲक्सलला एक ते सव्वा मिलिमीटर सरकवतो. म्हणजे अर्धा फेरासुद्धा पुष्कळ झाला. एका वेळी पाव फेरा डावीकडे, पाव फेरा उजवीकडे, मग माप, या क्रमाने जावे.

दर वेळी मापण्यापूर्वी मागच्या टायरवर मागून तळहाताने एक-दोन दणके द्यावेत, म्हणजे ॲक्सल ॲडजस्टरवर नीट टेकतो. ही पायरी गाळली तर नट आवळताना चाक पुढे सरकते आणि घेतलेले माप बिघडते. चुकून चेन जास्त ताणली गेली तर ॲडजस्टर उलटे फिरवून चाक पुढे ढकलावे आणि योग्य मापावर पुन्हा मागे यावे.

चाक सरळ आहे का, हे पाहण्यासाठी स्विंगआर्मवर रेघा असतात आणि दोन्ही बाजूंचे खुणेचे टोक सारख्याच रेघेवर यायला हवे. या रेघांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, त्या दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळतीलच असे नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या मागे वाकून, एक डोळा मिटून, चेनच्या वरच्या पदरावरून पुढे पाहावे. चेन स्प्रॉकेटमधून सरळ रेषेत पुढे जायला हवी, स्प्रॉकेटपाशी ती किंचितही वळलेली दिसता कामा नये. आणखी खात्री हवी असेल तर दोन्ही बाजूंना स्विंगआर्मच्या खिळ्याच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. चाक तिरके बसले तर गाडी एका बाजूला ओढते आणि स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने घासले जातात.

सगळे जुळल्यावर आधी स्लीव्ह नट, मग ॲक्सलचा नट आवळावा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळता येणारा पाना) असल्यास पुस्तिकेतल्या आकड्यानुसार, नसल्यास लांब पान्याने खंबीरपणे आवळून, जाता येता ओळखीच्या गॅरेजात एकदा तपासून घ्यावा. ॲडजस्टरचे लॉक नट शेवटी, आणि ते हलक्या हाताने, कारण त्यांचे आटे लवकर जातात. नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजायचीच. ती बहुधा एक-दोन मिलिमीटरने बदललेली असते. शेवटी गाडी जमिनीवर उतरवून दोघांना तिच्यावर बसवावे आणि चेनला अजून थोडी ढील उरली आहे ना, ते पाहावे.

मागे ड्रम ब्रेक असेल तर काम इथे संपत नाही. चाक मागे गेले की ब्रेकचा दांडाही ताणला जातो, ब्रेक अर्धवट लागलेला राहतो आणि ड्रम तापतो. दांड्याच्या टोकाचा नट फिरवून ब्रेक पेडलला पुस्तिकेप्रमाणे मोकळी चाल ठेवावी. बऱ्याच गाड्यांत ती पेडलच्या टोकाला २० ते ३० मिलिमीटर असते. चाक हाताने मोकळे फिरते का आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का, हे पाहूनच रस्त्यावर उतरावे.

तेल देणे

तेल चेनच्या आतल्या अंगाने, म्हणजे खालच्या पदरावर वरून द्यावे. चेन फिरू लागली की तेल आपोआप बाहेरच्या दिशेने फेकले जाते आणि वाटेत पट्ट्या व रोलर यांच्या फटींत शिरते. गिअर ऑइल वापरणाऱ्यांनी प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंच्या फटींत थेंब पडेल असे पाहत चाक हळूहळू उलटे फिरवावे. त्यानंतर निदान एक-दोन तास, जमल्यास रात्रभर, गाडी तशीच ठेवावी आणि सकाळी बाहेरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे. चेन ओली दिसली म्हणजे तेल पोचले असे नाही. बाहेर राहिलेले तेल धूळ पकडते आणि ती धूळ मग दातांवर कानशीचे काम करते. याच कारणाने बाहेरून ग्रीस फासणे आणि इंजिनातून काढलेले काळे ऑइल ओतणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. गंज सोडवणारे पातळ स्प्रे सफाईला चालतात, पण त्यांचा पापुद्रा टिकत नाही. टायरवर तेलाचा थेंब पडला असेल तर साबणाच्या पाण्याने लगेच काढावा.

कोरड्या रस्त्यांवर दर ५०० किलोमीटरला तपासणी आणि तेल हे प्रमाण ठीक आहे. जून ते सप्टेंबर या काळात ते निम्म्यावर आणावे, आणि कोकणात किंवा गोव्यात मुसळधार पावसातून गाडी आणली असेल तर त्याच संध्याकाळी चेन पुसून तेल द्यावे. जांभ्याचा लाल चिखल आणि समुद्राकाठची खारट हवा यांपुढे साधी चेन एका रात्रीत तांबूस पडते. ऊसपट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यांची मातीही काही कमी त्रासदायक नाही.

चेन कधी बदलावी

चेन ‘लांबते’ असे आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्यांभोवतीचे बुश (छोट्या नळ्या) झिजतात. १८८० साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी पेटंट घेतलेल्या बुश-रोलर चेनची रचना आजही मुळात तीच आहे, आणि झिजण्याची तऱ्हाही तीच. ४२८ मापाच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असते. २० कड्यांचे, म्हणजे लागोपाठच्या २१ पिनांमधले अंतर चेन ताणून मोजले तर नव्या चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर भरते. ते २५८ च्या आसपास गेले तर बदलण्याची वेळ आली आहे. पुस्तिकेत याहून कडक मर्यादा असेल तर ती मानावी. पट्टीशिवायची खूण अशी की मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बिंदूवर चेन बोटांनी बाहेर ओढावी. दाताची निम्म्याहून जास्त उंची उघडी पडली तर चेन गेली. दात वाघनखांसारखे एका बाजूला वळलेले आणि टोकदार झाले असतील तर स्प्रॉकेटही गेले.

चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच एकदमच बदलावा. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसवली तर ती पाहता पाहता खराब होते. ॲडजस्टर शेवटपर्यंत आले की चेनच्या दोन कड्या काढून ती आखूड करून देण्याचा जो उपाय काही ठिकाणी केला जातो, त्याने ॲडजस्टरला सुमारे साडेबारा मिलिमीटर जागा मिळते खरी, पण प्रत्येक पिनेची झीज तशीच राहते. त्यात पैसे वाचत नाहीत, खर्च फक्त पुढे ढकलला जातो.

प्रत्येक धक्क्याचे खापर चेनवर फोडण्यापूर्वी हब रबरही (मागचे स्प्रॉकेट आणि चाक यांमधले धक्के झेलणारे रबर) पाहावेत. चाक धरून मागचे स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवले असता ते बरेच हलत असेल, तर रबर दबून झिजलेले असतात आणि चेन कितीही जुळवली तरी गिअर बदलताना झटका बसतोच. हे रबर स्वस्त असतात आणि चेन-सेट बदलताना चाक उघडलेले असतेच, तेव्हा त्याच वेळी बदलून घ्यावेत.

नवी चेन लॉकने (क्लिप असलेल्या जोडकडीने) जोडलेली असेल तर लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला आणि उघडे टोक मागे असावे. गॅरेजातून गाडी घेतानाही हे स्वतः वाकून पाहावे. नवी चेन सुरुवातीला लवकर सैल होते, म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये दोनदा तरी ढील मोजावी आणि आकडा तारखेसह कुठेतरी टिपून ठेवावा.